करोल बागेतला निळा रंग

बाबांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. मी ऑफिसमधून येऊन पर्स टेकवते न टेकवते तोच म्हणाले, "आधी हात धुऊन ये. मग दाखवतो." त्यांचा चेहरा फुलला होता. आई गेल्यापासून मी त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला जास्त राग येतो.

कागद उलगडला. आत माझ्या भावाच्या पायाची नळी होती आणि ती निळी होती. वरपासून खालपर्यंत, कुठेही डाग नाही, मोराच्या गळ्यासारखी निळी.

"कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"कुणी केला हा रंग?"

"करोल बागेत. बाइकच्या सायलेन्सरला करून देतात ना, तसा. पेंट नाही बरं का. घासून निघत नाही, ऊन-पावसाने काही होत नाही. सगळी दुकानं पालथी घातली मी."

"पेंट नाही म्हणजे? तापवून केला?"

"बिल्कुल. दुपारभर भट्टीत होती. दुकानदार नुसती गॅसची ज्योत फिरवून लगेच देत होता. मी म्हटलं, असं नको, सगळीकडे एकसारखा पाहिजे. मग बसलोच तिथं खुर्ची टाकून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नळी उचलली, परत ठेवली, परत उचलली. मग सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांवर मी एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या जिन्यात आमच्या घरातून असा आवाज कधी येत नाही. आम्ही सभ्य लोक म्हणून ओळखले जातो.

ही नळी म्हणजे काय ते सांगते. माझा भाऊ धम्मदीप भाला फेकतो. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. शाळेत असताना बसखाली गेला. उरलेल्या पायावर प्लास्टिकचा सॉकेट बसतो, त्याच्याखाली ही नळी आणि नळीखाली पाऊल. भाला फेकणारा उजव्या हाताचा असेल तर तो पळत येतो आणि शेवटच्या पावलाला डावा पाय समोर खुंटीसारखा रोवतो. पळत आलेल्या अख्ख्या अंगाचा भार त्या एका पायावर येऊन थांबतो, आणि तेव्हा भाला सुटतो. पोलादी नळीवर धम्मदीपला तो हिसका सरळ हाडात बसायचा. मग तो पाय रोवताना नकळत कचरायचा आणि भाला कमी जायचा.

मी धातुशास्त्रज्ञ आहे. टायटॅनियममध्ये निओबियम आणि झिर्कोनियम मिसळून केलेल्या धातूंवर माझं सगळं काम. लॅबच्या परवानगीने, चाचणीचा नमुना म्हणून, मी त्याच्यासाठी ही नळी करवून घेतली. ती धक्का बसला की जराशी लवते आणि परत सरळ होते. ही नळी लावल्यापासून पोरगा सरावात राष्ट्रीय शिबिराच्या पात्रतेच्या रेघेपलीकडे भाला टाकत होता. रविवारी निवड चाचणी होती. बाबा करोल बागेतून आले तो गुरुवार.

घरात मी शंभरदा बजावलं होतं. नळीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, कानस लावायची नाही. करोल बागेत नेऊन शिजवू नका हे तेवढं सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं लागेल असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

"तुम्ही काय करून ठेवलंय कळतंय का तुम्हाला?" मी म्हटलं. "ही लवचीक का आहे? आम्ही ती लालबुंद असताना एकदम पाण्यात बुडवली म्हणून. तापलेली असताना अणू ज्या जागी उभे असतात ना, त्याच जागी ते अडकतात. घनाच्या प्रत्येक कोपऱ्यात एक आणि मधोमध एक. याला आम्ही बीटा म्हणतो. पण ते तसे नाइलाजाने उभे असतात. पुन्हा मधलं तापमान मिळालं, लाल नाही, चारएकशे अंश, की त्यांना हलायला वाव मिळतो. मग आत जागोजाग वेगळीच मांडणी उगवते. ओमेगा म्हणतात तिला. अणूंच्या दर तीन थरांतले दोन एकमेकांत घुसतात, तिसरा जागेवर. टायटॅनियम आणि झिर्कोनियम एकाच घराण्यातले, दोघांनाही ही खोड. त्याने धातू ठिसूळ होतो. आणि तुमचा निळा रंग नेमका त्याच तापमानाला चढतो."

"दुकानदार म्हणाला, भट्टीने माल कडक होतो," बाबा म्हणाले. "मजबूत होतो."

"कडक होतो. तेच सांगतेय मी."

"मग कडक म्हणजे मजबूत."

मी हात टेकले. ज्योत फिरवून लगेच काढली असती तर कदाचित निभावलंही असतं. पण आयुष्यभर फायलींच्या कडा जुळवून ठेवलेला माणूस खुर्ची टाकून बसला आणि रंग एकसारखा होईपर्यंत त्याने नळी भट्टीत ठेवायला लावली. त्यांच्या टापटिपीने घात केला.

एवढ्यात धम्मदीप सरावाहून आला. पोलादी नळीवर लंगडत आला, कारण चांगली नळी बाबांनी "जरा पॉलिश करून आणतो" म्हणून नेली होती. त्याने निळी नळी पाहिली, आम्हा दोघांची तोंडं पाहिली आणि म्हणाला, "तुमचं ठरलं की मला सांगा." आणि आंघोळीला गेला.

बाबांनी नळी उचलून लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. "रविवारी तो हीच लावणार," म्हणाले. "तुझे अणू तुझ्याजवळ ठेव."

रागाने मला जेवण गेलं नाही. पण एक गोष्ट हाताशी होती. नळी कापून उरलेला एक तुकडा मी घरी कागदांवर वजन म्हणून ठेवला होता. नळीला रंग कसा येईल ते आधी दिसावं म्हणून बाबांनी त्यातला निम्मा कापून घेऊन तोही त्याच भट्टीत टाकला होता. आता माझ्याकडे एक राखाडी तुकडा होता आणि एक निळा. दोन्ही घेऊन मी शुक्रवारी लॅबमध्ये गेले.

माझ्या सहकारी वैभवीने दोन्ही तुकडे तपासले. कडकपणा मोजायला आम्ही हिऱ्याचं टोक दाबतो. निळ्यावरचा ठसा राखाडीपेक्षा कितीतरी लहान उठला. मग क्ष-किरणांचा आलेख काढला. राखाडीत बीटाची शिखरं सरळ उभी होती. निळ्यात त्यांच्या शेजारी आणखी बुटकी, पसरट शिखरं आली होती. वैभवीने त्यांच्यावर बोट ठेवलं. ओमेगा ओळखायला आम्हा दोघींना पुस्तक लागत नाही.

"ही पायात घालून कुणी भाला फेकणार आहे?" तिने विचारलं.

"माझा भाऊ."

"मॅडम, हे त्याच्या गुडघ्यात जाईल."

तेच. नळी वाकली तर माणूस पडतो आणि उठतो. नळी तुटली तर तिचं टोक पळत्या अंगाच्या जोरासकट सॉकेट फोडून वर जातं. धम्मदीपकडे गुडघा तेवढा एकच उरलाय, म्हणजे त्या पायाचा.

बाबांना आलेख दाखवून उपयोग नव्हता. ते म्हणाले असते, कागदावर काहीही काढता येतं. संध्याकाळी मी बाबा आणि धम्मदीप दोघांनाही सेक्टर मार्केटमध्ये सायकलवाल्याकडे घेऊन गेले. बाबा यायला तयार नव्हते. "घाबरताय का?" असं विचारल्यावर चप्पल घालून पुढे चालायला लागले.

सायकलवाल्याच्या वाइसच्या पकडीत मी राखाडी तुकडा आवळला, त्याला लोखंडी पाइप अडकवला आणि बाबांना म्हटलं, "ओढा." त्यांनी ओढला. तुकडा वाकत गेला, आणखी वाकला, दुमडून पार गळासारखा झाला. तुटला नाही.

मग निळा आवळला. "आता हा."

बाबांनी पाइप धरला. फार जोर लावलाच नव्हता. टक्‌ असा आवाज झाला आणि अर्धा तुकडा उडून दुकानाच्या शटरवर आपटला.

"काँच था क्या, अंकल?" सायकलवाला म्हणाला.

बाबांनी खाली वाकून तुकडा शोधला. तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. मला वाटलं होतं या क्षणी मला बरं वाटेल. नाही वाटलं, उलट आणखी चीड आली.

"दुरुस्त होते का?" त्यांनी विचारलं.

"होते. पुन्हा लाल तापवायची आणि पाण्यात टाकायची. ओमेगा विरघळतो, पहिली मांडणी परत येते. पण रंग जाणार."

"रंग राहू दे. बाकी नीट कर."

"बाबा, तसं होत नाही. आणि निळाच हवा होता तर मला सांगायचं होतंत. टायटॅनियमला भट्टीशिवाय रंग देता येतो. पाण्यात बुडवून वीज सोडायची, इकडे व्होल्ट वाढवले की तिकडे रंग बदलतो. मिनिटभराचं काम. थंड. अणू जागचा हलत नाही."

"तुला सांगितलं असतं?" बाबा आता वर बघून बोलले आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "लॅबमध्ये कुणी विचारलं असतं, निळाच का, तर काय उत्तर दिलं असतंस तू?"

उत्तर होतं, पण ते मी दिलं नसतं हे त्यांना माहीत होतं.

"मागच्या स्पर्धेला तू नव्हतीस," ते म्हणाले. "मी होतो वर, पायऱ्यांवर. हा लाइनीत उभा होता. याच्या नळीवर स्टिकर होतं, निळं, एवढंसं. मीच लावलं होतं. सामान तपासणाऱ्याने बोट दाखवून सांगितलं, ये सब यहाँ नहीं चलेगा, निकालो. मागच्या-पुढच्या पोरांच्या मनगटात दोरे होते, गळ्यात लॉकेट होते, एकाच्या बॅगेवर हा एवढा देव होता. त्यांना कुणी काही बोललं नाही. यानं खाली वाकून नखानं खरवडून काढलं. सगळ्यांसमोर. आणि मी वर बसून राहिलो. नोकरीत आयुष्य काढलं बेटा, पुष्कळ ठिकाणी बसून राहिलो. म्हटलं, आता असा रंग देतो की कुणाच्या बापाला खरवडता येणार नाही."

मला हे कुणीही सांगितलं नव्हतं. माझा राग एकदम कुठे जावा ते कळेना. तो होता तेवढाच होता, किंबहुना वाढला होता, फक्त समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर तो आता काढता येत नव्हता.

"झालं?" धम्मदीप म्हणाला.

तो इतका वेळ सायकलींना टेकून उभा होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण मानेची शीर फुगली होती.

"स्टिकर बाबांनी लावलं. मला विचारलं? नाही. खरवडायला लागलं मला. नळी ताईने केली, तिचा फोटो ताईच्या प्रेझेंटेशनमध्ये जातो. गुडघ्याखालचा. मला विचारलं? आता निळी केली, उद्या परत राखाडी होणार, त्यावरून तुम्ही दोघं भांडताय. पाय कुणाचा आहे यार? मला तिथे जाऊन भाला फेकायचाय. मला नळी नीट करून दे, ताई. राखाडी चालेल. नळीचा विचार करायला मला रविवारी वेळ नाहीये."

तो तडक घराकडे निघाला. बाबांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि त्याच्या मागे गेले.

शनिवारी लॅबमध्ये भट्टी लावायला वैभवी आली. एकटीने लावायची परवानगी नसते. भट्टीतली हवा काढून तिथे कशातच न मिसळणारा आर्गन वायू भरला, म्हणजे धातूला कुणाशी संसार मांडता येत नाही, आणि नळी तापायला ठेवली. सोबत निळ्या तुकड्याचा वाइसमध्ये उरलेला भागही ठेवला.

"पण ही निळी का केली होती?" वैभवीने वाट पाहताना विचारलं. "छान दिसत होती."

"आमचा रंग आहे तो," मी म्हटलं. "बुद्धिस्ट आहोत आम्ही. बाबांना तो मैदानात दिसायला हवा होता."

"अच्छा," ती म्हणाली आणि तापमान बघायला वळली. एवढंच झालं. एवढ्यासाठी मी या इमारतीत इतकी वर्षं दातांवर दात ठेवून बसले होते. मला तिचा राग आला नाही, माझाच आला.

नळी पाण्यात पडली तेव्हा फस्स झालं. बाहेर काढली तर मळकी, राखाडी, भंगारातून आणल्यासारखी. सोबतचा तुकडा आम्ही वाकवला. तो मुकाट्याने दुमडला. आलेखातली बुटकी शिखरं गेली होती. नळी फिरवून पाहिली, क्लॅम्पमध्ये अडकवून पाहिली. तिने आकार सोडला नव्हता. वीज सोडायची टाकी शेजारच्याच खोलीत होती. मी दारापर्यंत गेले, धम्मदीपचं बोलणं आठवलं आणि परत फिरले.

रविवारी आम्ही तिघं मैदानावर होतो. बाबा माझ्याशी बोलत नव्हते, धम्मदीप दोघांशी बोलत नव्हता. सामान तपासायला खेळाडूंची रांग लागली आणि तपासणारे तेच होते. बाबांनी मला कोपराने दाखवले. टोपी, गळ्यात शिट्टी, पोट जरा पुढे. चेहऱ्यावर काही दुष्टपणा नव्हता. मला तो दिसायला हवा होता, म्हणजे सोपं गेलं असतं.

त्यांनी धम्मदीपचा भाला पाहिला. मग वाकून नळी पाहिली, वरपासून खालपर्यंत, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाबाश. इस बार एकदम साफ है."

साफ. बाबांचा हात माझ्या मनगटावर आला आणि त्यांनी तो घट्ट दाबला. मी उठत होते की काय कुणास ठाऊक. धम्मदीप "थँक यू सर" म्हणाला आणि पुढे गेला. आमच्या घरात सगळ्यांनाच ते फार चांगलं म्हणता येतं.

त्याची पाळी आली. मी धातूची परीक्षा घेतलेली बाई, मला माहीत होतं नळी टिकणार, तरी त्याने पळायला सुरुवात केल्यावर मी उठून उभी राहिले. तो पळत आला आणि शेवटच्या पावलाला त्याने डावा पाय असा रोवला, जराही न कचरता, की मला तो हिसका माझ्या हाडात जाणवला. नळी लवली आणि सरळ झाली. भाला कुठे गेला ते मी पाहिलं नाही. बाबांनीही नाही. आम्ही दोघं नळीकडे बघत होतो. मग टाळ्या ऐकू आल्या आणि फलकावर आकडा आला. पात्रतेची रेघ मागे राहिली होती.

बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. आम्ही खाली मैदानाच्या कडेला पोहोचलो तेव्हा तपासणारे सर धम्मदीपला खांद्याला धरून कॅमेऱ्यासमोर उभं करत होते. निवड झालेल्यांचे फोटो चालले होते. "लेग आगे करो," ते म्हणत होते, "बढ़िया दिखना चाहिए."

धम्मदीप खाली बसला. त्याने सॉकेट सैल केला, अख्खा पाय काढला आणि माझ्या हातात दिला. नळी अजून उन्हाने कोमट होती.

"किती वेळ लागेल म्हणालीस?" त्याने मराठीत विचारलं.

"मिनिटभर."

"कर मग. मी सांगतोय म्हणून कर."

सरांना काही कळेना. ते एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्या हातातल्या पायाकडे बघत होते. "अरे, फोटो?" ते म्हणाले.

"कल लीजिए, सर," धम्मदीप म्हणाला. "अभी रंग बाकी है."